साठ डबे

रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास परळीहून वत्सलाबाईंचा फोन आला. शिवकन्येनं 'हॅलो' म्हणायच्या आत बाई बोलायला लागल्या होत्या.

"पोरी, तुझ्या पडद्यावर चार अंश दाखवतंय. पण पिशवी हाताला थंड लागंना."

"कुठली पिशवी?"

"रक्ताची! दुसरी कुठली? मी फ्रीज उघडलाय, आत हात घातलाय, आतली हवासुद्धा कोमट हाय. आन् पडदा म्हणतोय चार पूर्णांक दोन. बाळंतीण टेबलावर हाय, रक्त थांबंना झालंय. मी ही पिशवी देऊ का नको?"

"नका देऊ," ती म्हणाली. "एकही पिशवी देऊ नका."

वत्सलाबाई परळीतल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात रक्तपेढी सांभाळत. वीस वर्षांची नोकरी, शब्दाला धार, आणि हात असा तयार की लहान लेकराची शीरसुद्धा एका टोचणीत सापडायची. त्यांच्या फ्रीजशेजारी ठेवलेल्या कॉम्प्युटरवर चालणारा प्रोग्रॅम शिवकन्येनं लिहिला होता. रक्त दोन ते सहा अंशांतच टिकतं. फ्रीजमधली सुई दर मिनिटाला आतलं तापमान कळवी, पडद्यावर आकडा दिसे, आणि आकडा सहाच्या वर गेला की कॉम्प्युटर ओरडायला लागे. प्रोग्रॅमचं नाव 'शीतल' आणि कंपनीचं 'मोकळीक सिस्टिम्स'. अंबाजोगाईत शिवकन्येच्या वडिलांचं, मल्लिकार्जुनअप्पांचं, स्टीलच्या भांड्यांचं दुकान होतं. त्याच्या माडीवरच्या दोन खोल्या म्हणजे ही कंपनी.

साल दोन हजार होतं. औरंगाबादहून इंजिनिअर होऊन आलेली पोरगी पुण्याला न जाता भांड्यांच्या दुकानावर बसून कॉम्प्युटरचा धंदा करते, याचं मोंढ्याच्या बाजारात अजून नवल होतं. त्याहून मोठं नवल म्हणजे ती आपला प्रोग्रॅम फुकट वाटायची. सीडीवर नुसता चालणारा प्रोग्रॅम नसे, तो कसा लिहिलाय ते सगळं उघडं दिलेलं असे. कुणीही वाचावं, बदलावं, पुढं द्यावं. कंपनी चाले ती बसवून देण्यावर आणि वर्षाच्या देखभालीवर. सात ठिकाणी 'शीतल' चालत होता. तोवर कुठं काही बिघडलं नव्हतं.

अंबाजोगाईच्या एका रक्तपेढीतून तीन पिशव्या बर्फाच्या डब्यात घालून जीप परळीकडं सुटली, तिच्यातच शिवकन्या बसली. शेजारी धर्मराज. हा कंपनीचा तारांचा माणूस. आयटीआय शिकलेला, पंधरा वर्षं टीव्ही आणि स्टॅबिलायझर दुरुस्त केलेला. फ्रीजमधली सुई कॉम्प्युटरला जोडणारी छोटी सर्किटची पट्टी त्याच्याच हातची. घाटात जीप एका ट्रकमागं अडकली तेव्हा तो खिडकीबाहेर डोकं काढून ड्रायव्हरला म्हणाला, "हॉर्न सोडू नको बे. दाबूनच धर."

गंगासागर नावाची ती बाळंतीण तेवीस वर्षांची होती. जीप पोचली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. वत्सलाबाईंनी पिशव्या ताब्यात घेतल्या आणि कुणाशी एक शब्द न बोलता आत गेल्या. बाहेर बाकावर तिची सासू छबुबाई नव्या बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं शिवकन्येला डॉक्टरीण समजून विचारलं, "वाचंल का हो ताई?"

"मी डॉक्टर नाही," शिवकन्या म्हणाली. ती रक्तपेढीच्या खोलीत शिरली.

धर्मराजनं तोवर फ्रीजमागं वाकून सगळं पाहिलं होतं. शनिवारी दुपारी लाइट गेली होती, आणि परत आली ती उसळूनच. फ्रीजचा कॉम्प्रेसर तिथंच बसला. कॉम्प्युटर यूपीएसवर होता म्हणून वाचला. पण सुईच्या पट्टीला वीज देणारा छोटा अडॅप्टर दवाखान्याच्या इलेक्ट्रिशियननं यूपीएसवर जागा नाही म्हणून सरळ भिंतीच्या सॉकेटात खोचला होता.

"हे बघा ताई," धर्मराजनं काळा पडलेला अडॅप्टर नाकाशी धरला. "जळालाय. डुप्लिकेट माल. आपली पट्टी काय करंल बिचारी? तिला वीजच न्हाई."

दारात उभ्या असलेल्या, दवाखान्याच्या मुख्य डॉक्टरांनी मान हलवली. "म्हणजे अडॅप्टरचा दोष."

"हां साहेब. अडॅप्टरचाच."

शिवकन्या कॉम्प्युटरपुढं बसली. नोंदींची फाइल उघडली. शेवटची नोंद शनिवारची होती, दुपारी एक वाजून सत्तेचाळीस मिनिटांची. चार पूर्णांक दोन. त्यानंतर एकही नोंद नव्हती. सुई वीस तास मुकी होती आणि वीस तास पडदा तोच आकडा दाखवत बसला होता. शिपायाला सांगून ठेवलं होतं, आकडा सहाच्या वर गेला तर फोन कर. आकडा गेलाच नव्हता.

तिला आपला प्रोग्रॅम पाठ होता. नवा आकडा आला नाही तर काय करायचं, हे तिनं त्यात कुठंच लिहिलं नव्हतं. नवा येईना म्हणून तो जुनाच दाखवत राहिला. चार ओळींचं काम. दोन वर्षांपूर्वी ते तिच्या डोक्यात आलंच नव्हतं.

"काय दिसतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"नोंदी शनिवारी थांबल्यात," ती म्हणाली. खोटं नव्हतं. पण पुढचं वाक्य तिनं गिळलं.

दीड वाजता वत्सलाबाई बाहेर आल्या. गंगासागर वाचली होती. छबुबाईनं भिंतीला डोकं टेकून हुंदका दिला. फ्रीजमधल्या अडतीस पिशव्या मात्र फेकून द्याव्या लागल्या. अडतीस माणसांनी दिलेलं रक्त. वत्सलाबाई एकेका पिशवीवर काट मारत होत्या आणि शिवकन्या शेजारी उभी राहून बघत होती.

*

सोमवारी अमरनाथ बीडहून आला तो जिना दोन-दोन पायऱ्या चढत. अमरनाथ हा तिचा चुलतभाऊ आणि कंपनीतला भागीदार. गिऱ्हाइकं आणणं, साहेबांना भेटणं, कागद पुढं सरकवणं त्याच्याकडं. बोलायला गोड आणि पायाला भिंगरी.

"शिवू, परळीचं कळलं. वाईट झालं. पण त्यातूनच वाट निघाली बघ." त्यानं बॅगेतून कागद काढला. "मोहनरावांनी बोलावलं होतं. त्यांच्या ट्रस्टचे आणि ओळखीच्या संस्थांचे मिळून साठ दवाखाने. साठच्या साठ ठिकाणी त्यांना यंत्र पाहिजे. प्रोग्रॅम नको, यंत्र. सुई, पट्टी, वीज, पडदा, सगळं एका डब्यात. डब्यावर आपलं नाव."

मोहनराव म्हणजे परळीच्या त्या दवाखान्याचे अध्यक्ष. शिक्षणसंस्था, दूध संघ, दोन निवडणुका. त्यांनी बोलावलं की माणसं चहा अर्धा टाकून उठत.

"आपण सॉफ्टवेअरवाले आहोत, दादा."

"तेच तर चुकतंय! गिऱ्हाइकानं किती दारं झिजवायची? कॉम्प्युटरवाला म्हणतो प्रोग्रॅम खराब, आपण म्हणतो अडॅप्टर खराब, अडॅप्टरवाला म्हणतो लाइट खराब. आन् बाई टेबलावर मरायला टेकलेली. सगळं आपलंच असतं तर तो भिकार अडॅप्टर तिथं आला असता का?"

शिवकन्येला हे खोडता येईना. ती म्हणाली, "प्रोग्रॅममध्ये चूक निघाली तर मी संध्याकाळपर्यंत फ्लॉपी पाठवते. साठ डब्यांत चूक निघाली तर साठ गावांना जायचं?"

"चूक निघूच द्यायची न्हाई." अमरनाथनं धर्मराजकडं पाहिलं. "काय धर्मराज, होईल का डबा?"

धर्मराज कोपऱ्यात खाली मान घालून तारा जोडायला डाख लावत होता. त्यानं हळूच टेबलाखालून एक पत्र्याचा डबा वर काढला. पेट्या बनवणाऱ्याकडून बेतून घेतलेला, कडा घासून गुळगुळीत केलेल्या, आत स्वतःची बॅटरी, झाकणावर छोटा पडदा, लाल दिवा आणि भोंगा.

"सा महिने झाले करतोय," तो ओशाळून म्हणाला. "कोणाला बोललो न्हाई. प्रोग्रॅम बसंल अशा चिप आता लई स्वस्त झाल्यात. पयले परवाना, मग वळख, मग मुंबईला खेटे. आता सिकंदराबादला चिठ्ठी टाकली की आठ दिवसांत घरी."

त्याच्या तोंडावरचा आनंद शिवकन्येनं याआधी कधी पाहिला नव्हता. पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या मोडक्या वस्तू नीट करणाऱ्या माणसाची ही पहिली स्वतःची वस्तू होती.

"अट काय आहे?" तिनं अमरनाथला विचारलं. अट असणार हे तिला माहीत होतं.

अमरनाथनं कागदाकडं बघतच सांगितलं, "डबा सीलबंद. आन् तीन वर्षं प्रोग्रॅम दुसऱ्या कुणाला द्यायचा न्हाई. सीडी वाटणं बंद."

"म्हणजे ज्यासाठी कंपनी काढली तेच बंद."

"कंपनी चालली तर काढल्याचा उपयोग! फुकट वाटून किती दिवस अप्पांच्या माडीवर बसणार हाय?"

"आज नांदेडच्या कुणी आपला प्रोग्रॅम उतरवून घेतला तर आपण खूश होतो. उद्या डबे विकायला लागलो की तोच माणूस चोर वाटायला लागेल, दादा. डबा माणसाला तसं करतो."

"तुझी तत्त्वं तुझ्यापाशी. शुक्रवारी मोहनराव इथं येतात, विश्रामगृहावर. परळीचे डॉक्टर, वत्सलाबाई, सगळे असतील. परळीला काय झालं ते तू सांगायचं. अडॅप्टर जळाला, म्हणून आता सगळं आमचंच. एवढंच."

*

मंगळवारी तिनं त्या चार ओळी लिहिल्या. नवा आकडा तीन मिनिटांत आला नाही तर पडदा कोरा करायचा आणि ओरडायचं. साती ठिकाणी फ्लॉप्या रवाना केल्या, सोबत चिठ्ठी: नवी सुधारणा, ताबडतोब घालावी. कशाची सुधारणा, ते चिठ्ठीत लिहिलं नाही.

मग तिला जेवण जाईना. गप्प बसलं तर दोष अडॅप्टरचा राहणार, अमरनाथचं म्हणणं खरं ठरणार, साठ डबे होणार, धर्मराजचं सोनं होणार, आणि प्रोग्रॅम कायमचा सीलबंद. त्याच्या आतली चूकही सीलबंद. बोललं तर डब्यांची गरजच संशयात येईल, पण माणसं विचारतील, मग तुमच्या प्रोग्रॅमवर तरी भरवसा का ठेवायचा? दोन्हीकडून तिचंच घर जळत होतं. डब्याला विरोध करण्याचं तिच्यापाशी सगळ्यात मोठं कारण होतं, आणि ते तिलाच सांगता येत नव्हतं.

गुरुवारी ती धर्मराजला सांगायला त्याच्या घरी गेली. तो डब्यावर रंग मारत होता. फिकट निळा. बायकोला हाक मारून त्यानं चहा सांगितला आणि म्हणाला, "ताई, साठ झाले ना, की दोन पोरी ठिवतो कामाला. आयटीआयच्या. बारीक कामाला पोरींचा हात लई चांगला असतो."

ती चहा पिऊन परत आली.

*

विश्रामगृहाच्या खोलीत पंखा घरघरत होता. मोहनराव मधल्या खुर्चीत, पांढरेशुभ्र कपडे, आवाज खालच्या पट्टीत. एका बाजूला डॉक्टर आणि वत्सलाबाई, दुसऱ्या बाजूला अमरनाथ. टेबलावर धर्मराजचा निळा डबा. धर्मराज इस्त्रीचा सदरा घालून दाराजवळ उभा होता. बस म्हटलं तरी बसला नाही.

अमरनाथनं झकास मांडणी केली. मोहनरावांनी डबा हातात घेतला, पालथा केला, भोंगा वाजवून पाहिला.

"वस्तू चांगली हाय," ते म्हणाले. "मला एकच सांगा. परळीला चूक कुणाची होती? अध्यक्ष म्हणून लोक मला विचारतात."

"अडॅप्टरची, साहेब," अमरनाथ म्हणाला. "शिवकन्या सांगेल."

सगळ्यांची तोंडं तिच्याकडं वळली. पंख्याचा आवाज तिला फार मोठा वाटला. वत्सलाबाई टक लावून बघत होत्या.

"अडॅप्टर जळाला, हे खरं आहे," ती म्हणाली. अमरनाथनं मान हलवली. "पण अडॅप्टर जळाल्यावर पडद्यावर काहीच दिसायला नको होतं. वीस तास तो जुना आकडा दाखवत होता. ती चूक प्रोग्रॅममध्ये होती. प्रोग्रॅम माझा आहे."

अमरनाथची मान हलायची थांबली.

"म्हणजे," डॉक्टर सावकाश म्हणाले, "तुम्हाला हे रविवारीच कळलं होतं?"

"हो."

"आणि तुम्ही सांगितलं नाही."

"नाही सांगितलं. भ्याले."

वत्सलाबाई उभ्या राहिल्या. "मी पिशवी स्टँडला लावली होती, ठाऊक हाय तुला? नळी जोडायची राहिली होती. तुझ्या पडद्यावर भरवसा ठेवून. अर्धं मिनिट आणखी, आन् ती पोर माझ्या हातानं गेली असती." त्या खाली बसल्या आणि पदरानं तोंड पुसलं. शिवकन्या मान खाली घालून उभी राहिली.

मोहनरावांनी डबा टेबलावर ठेवला. "या डब्यात तोच प्रोग्रॅम हाय?"

"सुधारलेला," अमरनाथ घाईनं म्हणाला. "आता ती अडचण न्हाई साहेब."

"दुसरी असली तर?"

अमरनाथ तिच्याकडं बघायला लागला.

"असू शकते," शिवकन्या म्हणाली. "म्हणूनच प्रोग्रॅम उघडा ठेवायचा, साहेब. मला न दिसलेली चूक दुसऱ्या कुणाला तरी दिसेल. डबा बनवू आपण, धर्मराजभाऊंनी चांगला बनवलाय. पण सील करून नाही."

"उघडं ठेवून कुणाचं भलं झालंय?" मोहनराव उठले. "माझ्या दवाखान्यात कुणी चूक दाखवावी अशी वस्तू मी घेत नसतो. बघू. कळवतो."

त्यांची गाडी गेल्यावर अमरनाथ तिच्यासमोर येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा उतरला होता. राग त्याच्या मागाहून आला. "रविवारी मला सांगितलं असतं तर मी आज इथं आलोच नसतो. तू मला सगळ्यांपुढं खोटं पाडलंस, शिवू." हे खरं होतं.

धर्मराज डबा उचलून, कुणाशी न बोलता, पायीच निघून गेला.

*

साठ डब्यांचं काम औरंगाबादच्या एका कंपनीला मिळालं. पंधरा दिवसांनी अमरनाथही त्याच कंपनीत गेला. जाताना अप्पांच्या पाया पडला आणि शिवकन्येला म्हणाला, "तुझ्यावर राग न्हाई. पण तुझ्यासोबत धंदा होणार न्हाई." सातांपैकी दोन रक्तपेढ्यांनी 'शीतल' काढून टाकला.

शिवकन्येनं झालेली चूक, तारखेसकट, सीडीवरच्या पहिल्या पानावर लिहिली आणि उरलेल्या पाच ठिकाणी स्वतः जाऊन सांगितली. परळीला सगळ्यात शेवटी गेली. वत्सलाबाईंनी चहा दिला नाही, पण सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "औरंगाबादवाल्यांचा डबा येईल तवा येईल, तोवर प्रोग्रॅम राहू दे. पण नुसत्या पडद्यावर मी आता विसंबायची न्हाई. दुसरं कायतरी दे. कॉम्प्युटर मेला तरी ओरडणारं."

ते तर धर्मराजच्या डब्यात होतं.

ती त्याच्या घरी गेली. डबा फळीवर होता, वर फडकं टाकलेलं. धर्मराजनं तिला बसायला सांगितलं, पण बराच वेळ तिच्याकडं पाहिलं नाही.

"कावून सांगितलं न्हाई मला?" तो शेवटी म्हणाला. "गुरुवारी इथंच बसून चहा पिलात."

"तुमचा आनंद बघून जीभ उचलली नाही."

"आन् शुक्रवारी उचलली. चारचौघांत."

"चुकलं माझं, धर्मराजभाऊ."

तो उठला, डबा खाली काढला. तिनं वत्सलाबाईंचं म्हणणं सांगितलं. ऐकता ऐकता त्याची बोटं झाकणाच्या स्क्रूवर गेली. "पडदा नको मग याला," तो म्हणाला. "कॉम्प्युटर पण नको. सुई, बॅटरी, भोंगा. बस. प्रोग्रॅमवर राखण ठिवणारा डबा." मग थांबून म्हणाला, "याच्या जोडणीचा नकाशा पण वाटणार का तुमी फुकट?"

"वाटावा असं मला वाटतं. पण तो तुमचा आहे."

"नकाशा वाटला तर मी काय खाऊ, ताई?"

ती खोटं बोलली नाही. "नक्की सांगता येत नाही. ज्यांना जमेल ते स्वतः करतील. ज्यांना जमणार नाही ते तुमच्याकडं येतील. किती येतील ते मला माहीत नाही."

धर्मराजनं तीन दिवस घेतले. चौथ्या दिवशी माडीवर आला तो गुंडाळी घेऊन. नकाशा त्यानं आलेखाच्या कागदावर शिसपेन्सिलीनं काढला होता, प्रत्येक तारेचा रंग लिहून, आणि खाली कोपऱ्यात स्वतःचं नाव, गावासकट. "नाव पुसायचं न्हाई, एवढीच अट," तो म्हणाला.

पहिला डबा परळीला बसला. वत्सलाबाईंनी दार लावून घेतलं आणि सांगितलं, "आता करा बंद सगळं." धर्मराजनं फ्रीजचा प्लग काढला, कॉम्प्युटरचा काढला, भोंगा सोडून जे जे होतं ते काढलं. शिवकन्येनं सुई फ्रीजमधून काढून टेबलावर ठेवली. तिघंही उभी राहिली. एक मिनिट झालं. दीड झालं. धर्मराजच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि तो पुसायला हात वर जात नव्हता. दोन मिनिटं दहा सेकंदांनी भोंगा असा काही बोंबलला की बाहेरून शिपाई धावत आला. वत्सलाबाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदाच शिवकन्येकडं बघून हसल्या.

दिवाळीपर्यंत धर्मराजनं अकरा डबे केले. साठ नाहीतच. एका पोरीला कामाला ठेवलं, दोघी ठेवणं परवडलं नाही. डिसेंबरात नांदेडहून एक जाड पाकीट आलं. तिथल्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्यानं नकाशावरून स्वतः डबा बनवला होता. बॅटरी उतरत आली की आधीच कळावं म्हणून त्यात एक पिवळा दिवा वाढवला होता, आणि बदललेला नकाशा परत पाठवला होता.

धर्मराजनं तो कागद खिडकीपाशी नेला, बराच वेळ बघितला. शिवकन्या त्याच्या चेहऱ्याकडं बघत राहिली. त्याला राग येतोय की काय, तिला कळेना.

"दिवा चांगला काढलाय गड्यानं," तो म्हणाला. "पण तार लई बारीक घेतलीय. उन्हाळ्यात तापंल." मग खुर्ची ओढून बसला आणि पत्राला उत्तर लिहायला पेन मागितलं.